रि: रि: रि: शुक्रवारी बार्बेस – बादलीतल्या पैशांची पावती

प्रेषक: खजिनदार

मंडळी,
शुक्रवारी ब्रुकलिनच्या बार्बेस या बारमध्ये मोरोक्कोचं ग्नावा संगीत ऐकायला जायचं ठरतंय, त्यासाठी सांस्कृतिक खात्यातून पैसे द्यायला माझी ना नाही. पण तिथे मागच्या खोलीत वादन रंगलं की बादली फिरते आणि जो तो तिच्यात नोटा टाकतो. बादलीची पावती कोण देणार? ढोल-ताशांच्या बिलावरून हिशेबतपासनीसांनी माझी काय हालत केली ते सर्वांसमक्ष झालंय. पावती नाही, तर परतफेड नाही.

प्रेषक: नाना (जर्सी सिटी)

पावतीचं मागाहून बघा हो. खोली केवढीशी, आपण अकरा जण. पुढे बार, मागे पडदा सारून आत जायचं, खुर्च्या हाताच्या बोटांवर. पहिल्या सेटला आठच्या ठोक्याला पोचलो तरच बसायला मिळेल. आमच्याकडून पाथची ट्रेन पकडून मॅनहॅटन, तिथून सबवेच्या एफ गाडीने सेव्हन्थ अॅव्हेन्यू, मग एक ब्लॉक उतारावर. सव्वा तास धरा. आणि बार आहे, मुलांना आणू नका. (मागच्या वेळचं आठवतंय ना?)

प्रेषक: वहिनी, अॅस्टोरिया

नाना, सव्वा तास तुम्हाला, आम्हाला काय कमी लागतो? दर वेळी ब्रुकलिनच का? स्टाइनवे स्ट्रीटवर इजिप्त, मोरोक्को, अल्जीरियाची माणसं चाळीस पावलांवर आहेत. पुदिन्याचा चहा प्यायचा तर इथे या. दोन वर्षांपूर्वी मी हेच सुचवलं होतं, तेव्हा "क्वीन्स लांब पडतं" म्हणून कुणी आलं नाही.

प्रेषक: तबलेवाले अण्णा

वहिनी, चहा कुठेही मिळेल. शुक्रवारी वाजवणारा संच, इनोव्ह ग्नावा, कुठेही ऐकायला मिळत नाही. त्यांचे मालेम, म्हणजे उस्ताद, हसन बेन जाफर मोरोक्कोतल्या फेस शहराचे, वडीलही मालेम. बोनोबो या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराबरोबरच्या त्यांच्या गाण्याला ग्रॅमीचं नामांकन होतं, पण ते सोडा. मालेमाच्या गेंब्री या वाद्याजवळ बसा. एका ओंडक्यातून कोरलेलं खोड, वर उंटाचं कातडं, तीन तारा. वादक तार छेडतो आणि त्याच हाताने कातड्यावर थापही मारतो, म्हणजे बाया (डग्गा) आणि सूर एकाच माणसाकडे. वर करकबांचा, म्हणजे लोखंडी चिपळ्यांचा, खणखणाट. आमच्या क्लासमधली पोरं म्हणतात हा आठ मात्रांचा केहरवा आहे. मी म्हणतो नीट ऐका. चार मोजायला घेतले की ते तिनात सरकतात, तीन धरले की परत चारात. सहा मात्रांच्या दादऱ्याच्या जलद लग्गीत शिरल्यासारखं वाटतं आणि तरी ते दादरा नाही. ज्याला मात्रा मोजल्याशिवाय चैन पडत नाही त्याने उभं राहून ऐकावं, बसून त्रास होईल.

प्रेषक: काका

अण्णा, हे तर आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दींचंच संगीत. मुरूडला लहानपणी पाहिलंय. तेव्हा यात परकं काही नाही.

प्रेषक: माई

काका, गल्लत होतेय. सिद्दी पूर्व आफ्रिकेतून समुद्रमार्गे आले. मलिक अंबरही इथिओपियातलाच जन्मलेला, बगदादमार्गे विकला जात दख्खनेत आला आणि १६२६ साली इथेच वारला. ग्नावांचे पूर्वज सहाराच्या दक्षिणेकडचे, माली-नायजरच्या पट्ट्यातले, वाळवंट ओलांडून गुलाम म्हणून मोरोक्कोत नेलेले. त्यांच्या गाण्यांत बंबारा, हौसा भाषांतले शब्द अजून सापडतात. दोन्हीकडे गुलामगिरी आहे, दोन्हीकडे पुढे मुस्लिम झालेली आफ्रिकी माणसं आहेत, म्हणून घराणं एक होत नाही. लेख लिहून देईन, पण दिवाळी अंकात माझ्या लेखाची दोन पानं कापणाऱ्यांनी आधी खुलासा करावा.

प्रेषक: सांस्कृतिक समिती

जाहिरातींमुळे कापली होती, माई. इथे तो विषय नको.

प्रेषक: वहिनी, अॅस्टोरिया

मला एक कळत नाही. हे अंगात येण्याचं संगीत आहे ना? घरचे विचारतायत.

प्रेषक: माई

येतं, पण क्लबात नाही. त्यांचा अंगात येण्याचा विधी, त्याला लीला म्हणतात, रात्रभर चालतो. सात रंग, प्रत्येक रंगाचे वेगळे आत्मे, वेगळी गाणी, वेगळा धूप, आणि सगळं सांभाळायला बहुधा एक बाई असते, मुकद्दमा. आपल्या जागरण-गोंधळाला बसलेल्यांना समजावून सांगावं लागणार नाही. युनेस्कोने २०१९ साली यादीत घातलं म्हणून आता सगळे आदराने बोलतात. मोरोक्कोत बराच काळ त्यांना भिक्षेकऱ्यांच्या पंगतीत बसवत होते. बार्बेसमध्ये त्यातला तुकडा ऐकायला मिळेल, हातात बिअर असलेल्या लोकांबरोबर.

प्रेषक: नाना (जर्सी सिटी)

म्हणजे फ्यूजन. मला तेच खटकतं. धूप काढून घेतला, रात्र काढून घेतली, सॅक्सोफोन घातला.

प्रेषक: तबलेवाले अण्णा

नाना, सॅक्सोफोन कुणी म्हटलं? आणि घातला तरी काय बिघडलं? गेंब्रीवादक हसन हकमून १९८७ साली मोरोक्कोतल्या माराकेशहून इथे आला आणि डॉन चेरीसारख्या जॅझवाल्याबरोबर वाजवलं, तेव्हा गेंब्रीचं काही कमी झालं नाही. जॅझ पियानोवादक रँडी वेस्टन तर ब्रुकलिनचाच, मोरोक्कोत टँजियरला जाऊन त्याने क्लब चालवला, नंतर जन्मभर ग्नावा मालेमांबरोबर पियानो वाजवत राहिला. मालेमाची थाप सैल झाली तर मी उठून जाईन, तोवर बाजूला कुणी काहीही वाजवो. तुमच्या गणेशोत्सवातल्या गिटारवर मी आजवर काही बोललो नाही.

प्रेषक: नाना (जर्सी सिटी)

ते गिटार माझ्या भाच्याचं होतं.

प्रेषक: अध्यक्ष

खजिनदारांनी सगळ्यांची नोंद ठेवावी. ज्याने त्याने आपले वीस डॉलर खिशातून बादलीत टाकावेत, रोख, सुट्टे घेऊन या. मंडळाचा संबंध नाही. विषय संपला.

प्रेषक: खजिनदार

मग हा मंडळाचा कार्यक्रम नाही, आणि नसेल तर या लिस्टवर त्याची चर्चा का चाललीय? तसं करायचं नाही असा मागच्या सर्वसाधारण सभेत आपणच ठराव केला होता. मी येणारच आहे, पण व्यक्तिशः.

प्रेषक: वहिनी, अॅस्टोरिया

व्यक्तिशः येताना गाडी आणणार का? आमचे दोघं आहेत.

प्रेषक: खजिनदार

आणणार नाही. पार्क स्लोपात शुक्रवारी संध्याकाळी पार्किंग शोधायची हिंमत माझ्यात नाही. साडेसातला सेव्हन्थ अॅव्हेन्यू स्टेशनच्या वरच्या तोंडाशी भेटा, मी सुट्टे घेऊन उभा असेन.