दुकानात माल ठेवायचा आहे, पण अर्धवट राहिलेली पाकिटं परत कशी मिळवू? (नागलीचं पीठ, नाशिक)

नमस्कार मंडळी,

मदत हवी आहे आणि प्रश्न जरा अडनिडा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. अंबडच्या एका कारखान्यात बरीच वर्षं क्वालिटी विभागात होते. ती नोकरी सोडून आता मोड आणलेल्या नागलीचं (नाचणीचं) धिरड्यांचं पीठ करून विकते. भागीदार नाही. नागली रोळायला आणि वाळत घालायला शेजारच्या दोघी रोजावर येतात, बाकी गिरणीपासून हिशेबापर्यंत सगळं माझ्याकडे. माल फक्त आमच्या आसपासच्या सोसायट्यांत, पन्नासेक घरांत जातो. आता गंगापूर रोडच्या एका मोठ्या किराणा दुकानाने दिवाळीआधी माल मागितला आहे, आणि तिथेच माझं घोडं अडलं आहे.

मी विकते कसं, ते आधी सांगते. 400 ग्रॅमचं पाकीट 120 रुपयांना. फुकट सॅम्पल पहिल्या दिवसापासून कुणालाच दिलं नाही, सख्ख्या मावशीलाही नाही. पण पाकीट देतानाच सांगते की महिन्याने मी येईन, तेव्हा पाकीट जसं असेल तसं परत द्या, उरलेल्या पिठाचे पैसे वजनावर परत देईन. रिकामं असेल तर रिकामं द्या, निम्मं असेल तर निम्मं द्या, दोन्ही मला सारखंच हवं आहे. घरी आणून प्रत्येक पाकीट काट्यावर ठेवते आणि वहीत घराच्या नावापुढे उरलेलं वजन लिहिते. परत आलेलं पीठ पुन्हा मालात अजिबात जात नाही, ते ओळखीच्या गोठ्यात जातं.

हे ऐकून घरच्यांपासून सीएपर्यंत सगळ्यांनी डोक्याला हात लावला. पण आपल्याकडे माणसं तोंडावर वाईट बोलत नाहीत हो. ‘छान झालं होतं’ म्हणतात, भिडेखातर दुसरं पाकीटही घेतात. विक्रीच्या आकड्यावर विसंबले असते तर पहिल्याच महिन्यात वाटलं असतं की धंदा जमला. वहीत मात्र वेगळंच दिसत होतं.

एका काकूंचं उदाहरण देते. इतकं कौतुक की त्यांनी स्वतःहून माझं पीठ तीन घरांना सुचवलं. त्यांचं पाकीट परत आलं तेव्हा वजन भरलं 340 ग्रॅम. म्हणजे एकदाच धिरडी झाली. मी विनंती केली की एकदा माझ्यासमोर करा, मी काही बोलणार नाही, नुसती बसेन. पाकीट कुठे होतं? फडताळाच्या वरच्या खणात, रव्याच्या डब्यामागे, स्टुलावर चढून काढावं लागलं. काकूंनी पीठ कालवलं ते बेसनाच्या धिरड्यासारखं, आणि लगेच पहिला डाव तव्यावर. नागलीत चिकटपणा नसतो, पीठ पाणी प्यायला वेळ घेतं. वीस मिनिटं झाकून ठेवलं नाही तर उलटताना धिरडं मोडतंच. पहिलं मोडलं, दुसरं मोडलं, तिसरं त्यांनी तव्यावरच चुरून नातवाला दिलं. आणि मला म्हणाल्या, ‘चव मात्र छान आहे हं.’ पाकिटामागे कृती छापलेली होती, त्यात वीस मिनिटंही होती. चष्मा बाहेरच्या खोलीत होता.

त्यानंतर मी पाकीट देताना पहिल्या खेपेला त्यांच्याच तव्यावर, त्यांच्याच गॅसवर दोन धिरडी करून देऊ लागले. पीठ कालवते, झाकते आणि मग वीस मिनिटं बसून गप्पा मारते. त्या वीस मिनिटांत जेवढं कळतं तेवढं कुठल्याही फॉर्ममधून कळणार नाही. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा हौसेने आणलेली ज्वारी-बाजरी-वरईची कसली कसली पाकिटं मी स्वयंपाकघरांत पाहिली, एकदा उघडून रबर लावून ठेवलेली. घेताना सगळे कॅल्शियमसाठी घेतात. 100 ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण सकाळच्या घाईत कॅल्शियम आठवून कुणी पीठ कालवत नाही.

वहीतून कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट डब्याबद्दलची. मी हे पीठ मुलांच्या शाळेच्या डब्यासाठी म्हणून सुरू केलं होतं, पाकिटावर तसं छापलंही होतं. डब्यासाठी नेणाऱ्या घरांतून पाकिटं निम्मी परत येत होती, कारण नागलीचं धिरडं गार झालं की वातड होतं आणि मुलं डबा तसाच आणतात. साफ रिकामी पाकिटं येत होती ती संध्याकाळी पाच-साडेपाचला, मुलं खेळून आली की गरमगरम करून देणाऱ्या घरांतून. तिथे बहुतेक आजी किंवा आजोबा घरी असतात. पाकिटावरचा मजकूर बदलला, ‘संध्याकाळच्या भुकेला’ असं केलं, आणि नव्या घरी जाताना आधी विचारू लागले की संध्याकाळी घरात कोण असतं. त्यानंतर उरलेलं वजन झपाट्याने उतरलं.

म्हणून बाकी सगळं मुद्दाम थांबवून ठेवलं आहे. लोगो नाही, वेबसाइट नाही, पुण्या-मुंबईला कुरिअर नाही. नात्यातल्यांनी आग्रह धरला की 2027 चा सिंहस्थ येतोय, लाखो माणसं येणार, पंचवटीत स्टॉल टाक. तिथे विक्री होईल यात मला शंका नाही. पण रामकुंडावर स्नान करून गावी गेलेल्या माणसाचं पाकीट मी कुठे पाहायला जाणार?

एकट्याने सुरुवात करणाऱ्यांच्या गोष्टी मीही वाचल्या आहेत. निक स्विनमर्न याने 1999 मध्ये झॅपोस या अमेरिकेतल्या ऑनलाइन बुटांच्या दुकानासाठी आधी दुकानांतल्या बुटांचे फोटो इंटरनेटवर टाकले, ऑर्डर आली की दुकानातून जोड विकत घेऊन पाठवला. त्याला एवढंच पाहायचं होतं की न घालता, न पाहता लोक बूट घेतात का. मला मात्र लोक घेतात हे कळलं आहे, संपवतात का ते पाहायचं आहे. त्यापेक्षा करसनभाई पटेलांची गोष्ट मला जवळची वाटते. 1969 मध्ये अहमदाबादला नोकरी सांभाळून सायकलवर घरोघर निरमा विकायचे. दारोदार विकणाऱ्याला परत त्याच दारात जावं लागतं, त्यामुळे पावडर कशी निघाली हे त्याला ऐकावंच लागतं. दुकानातून विकायला लागलं की ते दार बंद होतं, आणि नेमकं त्याच वळणावर मी उभी आहे.

दुकानाच्या अटी अशा आहेत: एमआरपीवर 20 टक्के मार्जिन, पैसे 45 दिवसांनी, तारीख उलटलेला माल परत माझ्याकडे. माल डिस्ट्रिब्युटरमार्फत द्यायचा, म्हणजे आणखी साधारण 10 टक्के. एका पाकिटाचा माझा खर्च 65 रुपये धरा: नागली, उडीद, मेथी, दळणावळ, पाऊच, लेबल आणि दोघींची मजुरी. नागली पेठ आणि सुरगाण्याच्या शेतकऱ्यांकडून थेट घेते, 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 4886 रुपये आहे, मी त्याच्या वर देते आणि ते कमी करणार नाही. दुकानाचे 24 आणि डिस्ट्रिब्युटरचे 12 गेले की माझ्याकडे 84 येतात, म्हणजे वर 19. त्यातून टेम्पो आणि परत येणारा माल. उरलेल्या पिठाचे पैसे परत द्यायचे म्हटलं तर काहीच राहत नाही.

कागदपत्रांबद्दल काळजी नसावी. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आहे, पाकिटावर बॅच, तारीख, निव्वळ वजन, एमआरपी, पत्ता सगळं आहे. जीएसटीचं सीए बघतात. किमान सत्तर टक्के भरडधान्य असलेलं पीठ सुटं विकलं तर कर नाही आणि पाकीटबंद लेबल लावून विकलं तर 5 टक्के, असं जीएसटी परिषदेने ऑक्टोबर 2023 मध्ये ठरवलं. माझ्या पिठात नागली 75 टक्के आहे. उलाढाल 40 लाखांच्या खूप खाली असल्याने अजून जीएसटी नोंदणीची वेळ आलेली नाही.

आता मूळ प्रश्न. दुकानातून गेलेल्या पाकिटाचं पुढे काय झालं हे मला कसं कळेल?

पहिला उपाय सगळेच सुचवतात: रिकामं पाकीट दुकानात आणा, पाच रुपये घ्या. यात एक मोठी खोट आहे. पाकीट ज्यांनी संपवलं तेच आणतील. रबर लावून वरच्या खणात ठेवलेलं पाकीट कुणी पाच रुपयांसाठी दुकानात आणणार नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच हवं आहे. शिवाय दुकानदार म्हणतो, गल्ल्यावर मी कचरा गोळा करत बसू का? त्याचंही बरोबर आहे.

दुसरा उपाय म्हणजे पाकिटावर व्हॉट्सॲप नंबर आणि ‘पाकिटाचा फोटो पाठवा’. फोटोवरून अंदाज येतो, पण इथेही उत्साही माणसंच पाठवतात. तिसरा माझा स्वतःचा विचार आहे: गंगापूर रोडला तूर्त नाही म्हणायचं आणि आमच्याच भागातलं एक छोटं दुकान रोखीवर घ्यायचं, डिस्ट्रिब्युटरशिवाय. संध्याकाळी तासभर स्वतः तिथे उभं राहायचं आणि पाकीट नेणाऱ्याला तिथेच विचारायचं की महिन्याने घरी आले तर चालेल का. सध्याच्या घरांचं वजन करणं सुरूच ठेवायचं, म्हणजे दुकानातल्या घरांशी ताडून पाहता येईल. पण मोठ्या दुकानाला एकदा नाही म्हटलं तर ते पुन्हा विचारतील का, याचा मला अंदाज नाही.

ज्यांनी लोणची, मसाले, चटण्या, पापड, काहीही किराणा दुकानांत ठेवलं आहे त्यांनी कृपया सांगा. अनोळखी गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत तुम्ही कसे पोहोचलात? 45 दिवसांची उधारी नव्या माणसाने मान्य करावी का, की ‘आधी एक पेटी रोखीने, खपली तर पुढचं बोलू’ असं म्हटलेलं दुकानदार ऐकून घेतात? आणि 200 ग्रॅमचं छोटं पाकीट काढलं तर अर्धवट राहण्याचं प्रमाण खरंच कमी होतं का? पाऊचचा खर्च तेवढाच राहतो, म्हणून मी अडले आहे.

भर: काल रात्रीपासून आलेल्या प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. काही गोष्टी एकत्रच लिहिते.

खडे-कच लागते का असं दोघांनी विचारलं. नागलीचा दाणा बारीक, त्यामुळे कच हा तिचा जुना शत्रू. आम्ही तीन पाण्यांत रोळतो, मगच भिजत घालून फडक्यात बांधतो. मोड आले की सावलीत वाळवून, कोंब चोळून काढतो आणि मंद भाजतो. दळणाला गिरणीत सकाळचा पहिला नंबर माझा असतो, जातं आदल्या रात्री झाडून घेतलेलं असतं. परत आलेल्या एकाही पाकिटाबरोबर कचेची तक्रार आलेली नाही.

भागीदार घे असं बऱ्याच जणांनी लिहिलं. हिशेब पाहणारं माणूस मिळालं तर आनंदच आहे. पण घरोघरचं जाणं मी दुसऱ्याकडे देणार नाही, निदान वर्षभर तरी. तीन गावांत माल गेला तर ते कसं जमणार, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आज माझ्याकडे नाही.

नाशिक रोडच्या ताईंनी सुचवलेलं फार आवडलं: दुकानाऐवजी शाळेतून मुलं परततात त्या वेळेला उघडी असणारी पोळी-भाजी केंद्रं गाठायची, तिथे नेणारं गिऱ्हाईक रोजचं असतं. ताई, तुम्ही त्या केंद्रांना मार्जिन किती देता आणि न खपलेला माल ते किती दिवसांनी परत करतात, तेवढं लिहाल का? दुकानाला मला या शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.