कार अलार्म: डिकी आणि बॉनेटचा स्विच कसा जोडायचा?

बार्शीकर_०७:
नमस्कार मंडळी, गाडी २०११ ची, अलार्म आहे पण फक्त दारांवर चालतो. दिवाळीत रात्री बॉनेट उचकटून बॅटरी नेली, सायरन वाजलाच नाही. बॉनेट, डिकी दोन्ही जोडायचंय, बजेट ५०० रुपये. अलार्मच्या डब्यातून दाराची एकच वायर निघते, त्यातच जोडलं तर चालेल का?

सह्याद्री_स्वार:
५०० त काय होतंय! मी साडेसात हजारांचा सेंट्रल लॉकसकट घेतला, ३ वर्षांत एक तक्रार नाही. तोच घ्या.

चिपळूणची_लेक:
बॉनेटचं डोक्यातून काढा दादा. आमच्याकडे जुलैत रात्री अडीचला सायरन, बाबा छत्री घेऊन खाली, तर दारं बंद, काचा शाबूत. सकाळी बघतो तर वायरमनने स्विच पाणी वाहतं त्या पन्हाळीतच बसवलेला, टर्मिनलवर हिरवा गंज आणि चिखल. वायर काढूनच टाकली.

वायरिंगवाले_नाना:
एकच वायर चालते. आधी मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून दाराच्या स्विचची वायर तपासा, दार बंद असताना १२ आणि उघडल्यावर शून्य आलं तर निगेटिव्ह ट्रिगर, म्हणजे वायर बॉडीला टेकली की अलार्म वाजतो. डिकीची वायर त्यातच पिळलीत तर डिकी उघडली की आतला दिवाही लागणार, म्हणून दार आणि डिकी दोन्ही फाट्यांत एकेक १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा) टाका, चंदेरी पट्टा स्विचकडे. बॉनेटच्या स्विचवर दिवा नसेल तर तो थेट अलार्मच्या वायरला.

कोथरूड_८८:
जोड सोल्डरच करा, टेप गुंडाळू नका.

सह्याद्री_स्वार:
गाडीत सोल्डर धक्क्याने तुटतं, क्रिंप करा, म्हणजे धातूची नळी पक्कडीने दाबून जोडा.

कोथरूड_८८:
माझं ८ वर्षं टिकलंय.

मिरजेचा_माणूस:
चिपळूणताईंशी सहमत, बॉनेट नकोच. गिअर लॉक लावा.

वायरिंगवाले_नाना:
गिअर लॉकने बॅटरी कशी वाचेल? आणि स्विचला अर्थिंग गाडीच्या बॉडीतून मिळतं, स्विचच्या भोकाभोवतीचा रंग खरवडा, आवळून झालं की वरून ग्रीस. बॉनेटने दबणारी स्विचची पिन गंजून खाली अडकली तर बॉनेट उघडलं तरी सायरन गप्प, पावसाळ्याआधी दाबून बघत जा.

बार्शीकर_०७:
नाना, मीटरवर बंद १२.४, उघडं शून्य. डिकी राहू दे, तिच्यात स्टेपनीशिवाय काही नसतं. बॉनेटच केलं, नव्या बॅटरीला ४२०० मोजलेत. स्विच पन्हाळीपासून चार बोटं वर घेतला, खर्च ४१०. रात्री काच खाली ठेवून अलार्म लावला, हात घालून बॉनेटचा खटका ओढला, बॉनेट थोडं वर केलं तोच सायरन सुरू, आई गॅलरीत येऊन "कोण आहे रे?"