पोहणं दुय्यम, आधी कान सांभाळा

पोहता येत नसेल तरी मालवण-तारकर्लीला स्कुबा (पाठीवर हवेची टाकी लावून समुद्राखाली उतरणं) करता येतं, हे या चर्चेत इतरांनी लिहिलंय ते अगदी बरोबर. प्रशिक्षक शेवटपर्यंत सोबत असतो. पण कानांचा विषय अजून कुणीच काढला नाही, आणि पहिल्यांदा उतरणाऱ्यांना त्रास होतो तो बहुधा तिथेच. समुद्रात 10 मीटर खाली गेलं की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे कानातली हवा निम्म्या जागेत दबते. त्यातला सर्वांत मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो, त्यामुळे ‘आपण कुठे खोल जाणार’ म्हणून निर्धास्त राहू नका. डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कवरूनच नाक चिमटीत धरायचं आणि हलकेच हवा कानांकडे ढकलायची, तीही दुखायला लागण्याआधी, उतरताना पुन्हा पुन्हा. दुखलंच तर अजिबात जोर लावायचा नाही; कानाकडे बोट दाखवून थांबायचं, थोडं वर यायचं. (अंगठा वर केला तर ‘मला वर न्या’ असा अर्थ होतो, ‘मस्त चाललंय’ असा नाही. हे मुलांना बोटीवरच सांगा.)

सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका. गोळी घेऊन नाक मोकळं करणंही धोक्याचं, कारण तिचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना कानात हवा अडकते. माझ्या भाच्याला आमच्या प्रशिक्षकाने याच कारणासाठी बोटीवर बसवून ठेवलं. पोरगा खूप हिरमुसला, पण त्या प्रशिक्षकाबद्दल मला आजही आदर वाटतो.