बेडूकमाशाला एकच हात फुटलाय, पिल्लू अधू आहे का?

प्रश्न: होटगी रोडची आई
मृगाच्या पावसानं शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पाणी साचलं होतं. ते आटून काळ्या मातीला भेगा पडायला लागल्या, तसे लेकीनं त्यातले बेडूकमासे तांब्यात भरून घरी आणले. आता ते घमेल्यात आहेत, उकडलेला पालक खातात. मागचे पाय सगळ्यांना आलेत. पण एकाला आज सकाळी फक्त डावीकडं हात आला, उजवी बाजू सपाट. परवापासून तो खातही नाही. पाणी बदलताना माझ्याकडून त्याला काही लागलं का? लेक सकाळपासून रडतेय.

उत्तर: निवृत्त मास्तर, जीवशास्त्र
ताई, तुमच्या हातून काहीही झालेलं नाही. उजवा हातही तयार आहे, कातडीच्या आत. मागचे पाय उघड्यावर वाढतात, हात मात्र कल्ल्यांवरच्या पडद्याआड. आपल्याकडच्या बऱ्याच बेडूकमाशांत कल्ल्यांतलं पाणी बाहेर सोडणारं छिद्र डाव्या अंगाला असतं. डाव्या हाताला ती वाट आयती मिळते, उजव्याला पडदा फोडून यावं लागतं. एखादा दिवस थांबा.

खाणं थांबलंय कारण तोंडच बदलतंय. शेवाळ खरवडणारं इवलं तोंड जाऊन किडे धरणारा रुंद जबडा येतोय आणि आत गुंडाळलेलं लांबलचक आतडं आखूड होतंय. तोवर शेपटी हीच शिदोरी. ती गळून पडत नाही, शरीर ती आतल्या आत जिरवतं. हे सगळं थायरॉइडच्या हुकमानं चालतं. 1912 साली गुडरनाच या शास्त्रज्ञांनी बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ते वेळेआधीच माशीएवढे बेडूक झाले!

एक मात्र आजच करा. घमेल्यात उतरता दगड ठेवा. कल्ले जाऊन भिस्त फुप्फुसांवर येते, बसायला कोरडी जागा नसेल तर पिल्लू बुडून मरतं.

मी तीस वर्षं पोरांना बेडूक फाडून शिकवला. नऊ मणके, त्यामागं युरोस्टाइल नावाचा हाडाचा दांडा, बरगड्या नाहीत, सगळं तोंडपाठ. पण जिवंत हात बाहेर येताना पाहिला तो निवृत्तीनंतर, अंगणातल्या हौदात. मुलीला टॉर्च देऊन घमेल्याशेजारी बसवा. तिला ते पाहू द्या.

उत्तर: जुनी मिल चाळ
नळाचं ताजं पाणी घालू नका, क्लोरीन सोसत नाही त्यांना. आपल्याकडं चार-पाच दिवसांनी नळ येतो, साठवलेलं पाणी असतंच. उघड्या बादलीत दिवसभर ठेवलेलं वापरा. आणि उरलेला पालक रोज काढा, पाणी नासतं.

होटगी रोडची आई
सर, रात्री साडेदहाला उजवा हात आला! आधी कातडीखाली कोपर हलताना दिसलं, मग एका झटक्यात बाहेर. लेकीनं मला स्वयंपाकघरातून ओढत नेलं. फरशीचा तुकडा तिरपा ठेवलाय, पिल्लू त्यावर चढून बसलंय, शेपटी अजून पाण्यात आहे. प्लॉटवर काल पुन्हा पाणी साचलंय. शेपटी जिरली की तिथंच सोडू.