मरून चादरीचा रंग फोटोत दर वेळी वेगळा येतोय, व्हाइट बॅलन्ससाठी मदत हवी आहे

पेठेतला
नमस्कार मंडळी. सोलापुरात साखर पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. हल्ली निम्मं गिऱ्हाईक आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागतं, मग ऑर्डर देतं. त्यासाठी कॅननचा १५००डी घेतलाय, लेन्स सोबत आलेली १८-५५. फोटो स्पष्ट येतात, वीण दिसते, काठाचे धागे मोजावेत इतके. भांडण फक्त रंगाशी आहे.

मरून चादर आमचा सगळ्यात खपणारा माल. तीच फोटोत कधी विटकरी, कधी जांभळट. ‘फोटोत लाल होती, आली मरून’ म्हणून पार्सल परत येतं आणि जाण्यायेण्याचं भाडं माझ्या अंगावर. वडिलांचं म्हणणं, चादर उन्हात धरल्याशिवाय रंग कळत नाही, फोटोवर हा धंदा करूच नये. बोलतात ते खरं, पण गिऱ्हाईक नागपुरात आणि ऊन इथं!

आता गंमत बघा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग सुधारायची सेटिंग, ऑटोवर. जागा तीच, वेळ तीच. मरून चादर अंथरून फोटो काढला की कडेची शहाबादी फरशी निळसर दिसते. तिथंच हिरवी चादर अंथरली की फरशी गुलाबी. फरशी काय रंग बदलते का? मग पांढरा टॉवेल दाखवून कस्टम व्हाइट बॅलन्स केला, तर सगळेच फोटो किंचित पिवळे.

उजेड असा: समोर दार, वर दोन एलईडी ट्यूब, आत एक जुनी चोकवाली ट्यूब. ग्रे कार्ड, म्हणजे व्हाइट बॅलन्ससाठीचं करडं कार्ड, घ्यावंच लागेल का? आणि मरूनचं नेमकं काय करायचं?

उजेडवाला
मालक, तुमच्या फरशीनेच उत्तर दिलंय. ऑटोमध्ये कॅमेऱ्याला चादर कळत नाही, त्याला फक्त चौकटीतल्या रंगांची बेरीज दिसते. ती साधारण करडी यावी असा त्याचा हिशोब. चौकटभर मरून दिसलं की त्याला वाटतं उजेडच लाल आहे, म्हणून तो निळं-हिरवं ढकलतो. चादर मेल्यासारखी दिसते आणि फरशी निळी पडते. हिरव्या चादरीला उलटं. गावभर फिरून फोटो काढायला ऑटो ठीक, चौकटभर एकाच रंगाचं कापड असेल तिथं बंदच ठेवा.

दुसरं म्हणजे तुमच्याकडे तीन जातींचा उजेड आहे. दारातून येणारा सावलीतला उजेड ७००० केल्विनच्या आसपास (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर), एलईडी ६५०० किंवा ४००० काय असेल ते डब्यावर बघा, आणि चोकवाली ट्यूब हिरवट. व्हाइट बॅलन्स म्हणजे पूर्ण फोटोला एकच दुरुस्ती. दाराकडची घडी बरोबर केली की आतली बिघडणार. आधी उजेड एकच ठेवा, कॅमेऱ्याला हात नंतर लावा. फोटो काढताना एक तर दुकानाचं शटर ओढून फक्त दिवे, नाहीतर दिवे बंद करून फक्त दार.

जुनी ट्यूब तर बंदच. चोकवाली ट्यूब आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि त्या लुकलुकण्यात तिचा रंगही हलतो. कॅमेऱ्याचं शटर १/२५० सेकंदावर असेल तर लागोपाठच्या दोन फोटोंत रंग वेगळा येणार. १/५० किंवा त्याहून संथ ठेवलं, कॅमेरा स्टँडवर लावला, की फरक पडत नाही.

रंगारी
मी डाइंगमध्ये काम करतो, म्हणून टॉवेलचं सांगतो. दुकानातला पांढरा टॉवेल पांढरा नसतोच हो! ब्लीचनंतर त्याला टिनोपाल दिलेला असतो. तो दिवसाच्या उजेडातले अतिनील किरण पिऊन निळा प्रकाश बाहेर टाकतो, म्हणून टॉवेल जास्त शुभ्र वाटतो. कॅमेऱ्याने ते निळं खरं मानलं आणि भरपाईला पिवळं घातलं. झेरॉक्सच्या कागदाचंही तेच, त्यातही चमक आणणारं रसायन असतं. घरी नीळ घालून धुतलेल्या धोतराचं तर विचारूच नका. करडं कार्ड घ्या, महाग नसतं.

आणि मरूनचं. साध्या एलईडीत गडद लाल प्रकाश कमी असतो. दिव्यातच जो रंग नाही तो चादरीवरून कॅमेऱ्यात येणार कुठून? तिथं व्हाइट बॅलन्स कितीही करा, मरूनची चॉकलेटी होणारच. दिवा घेताना सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप, ९० च्या वरचा मागा आणि आर९ हा आकडा दिलाय का बघा. आर९ म्हणजे त्या दिव्याखाली गडद लाल किती खरा दिसतो त्याचं माप. आमच्याकडे शेड जुळवायला पेटी असते, तीत डी६५ म्हणजे दिवसाचा उजेड आणि टीएल८४ म्हणजे दुकानातल्या ट्यूबचा उजेड, दोन्हींत तुकडा बघतात. एकाखाली जुळलेले दोन तुकडे दुसऱ्याखाली वेगळे दिसतात, हे आमचं रोजचं. तुमचे वडील उन्हात धरा म्हणतात ते उगाच नाही.

जुनी_मिल
काय बे, शहाबादीच करडी आहे की! तिच्यावरच कस्टम कर, कार्डाचे पैसे कशाला घालतो?

उजेडवाला
नको. शहाबादीत कुठं निळी झाक, कुठं पिवळी, आणि पुसून पुसून तेल बसलेलं वेगळंच. कार्डाला दुसरी काही झाक नसते, पैसे त्याचेच.

पेठेतले मालक, १५००डी वर असं करा. चादर जिथं अंथरणार तिथंच, तिच्याच कोनात कार्ड ठेवा. मधला भाग कार्डाने भरून फोटो काढा. कोऱ्या कार्डावर ऑटोफोकस लागत नाही, लेन्स एमएफवर, म्हणजे हाताने फोकस करायच्या मोडवर टाका. फोटो फार उजळ नको, फार काळाही नको. मग मेनूत ‘कस्टम व्हाइट बॅलन्स’मध्ये जाऊन तोच फोटो निवडा. बरेच जण इथं थांबतात आणि ऑटोवरच फोटो काढत राहतात. डब्ल्यूबी म्हणजे व्हाइट बॅलन्समध्ये जाऊन दोन त्रिकोण आणि मध्ये चौकोन, ते चिन्ह निवडायचं असतं. उजेड बदलला की परत पहिल्यापासून.

रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढलंत तर एवढंही नको. पहिल्या फोटोत कार्ड ठेवा, घरी कॅननच्याच फुकट डीपीपी सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉपरने कार्डावर क्लिक करा आणि तीच दुरुस्ती बाकीच्या फोटोंना लावा. पिक्चर स्टाइल ‘न्यूट्रल’ ठेवा, नाहीतर लाल भडकतो. मागच्या स्क्रीनवर आरजीबी हिस्टोग्राम, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्याचा आलेख उघडा. लालची रेघ उजव्या भिंतीला चिकटली असेल तर एक्स्पोजर थोडं उतरवा, नाहीतर चादरीतला मोर सपाट डाग होतो. मेनूतली कलर स्पेस, म्हणजे फोटोतल्या रंगांची व्याप्ती, एसआरजीबीच ठेवा.

पेठेतला
आभार दोघांचे. टॉवेलचं गणित आता लागलं. अजून एक, उन्हामुळे दुकानासमोर निळी ताडपत्री बांधलीय. दारातून येतो तो उजेड तिच्याखालूनच. त्याचं काय?

उजेडवाला
अहो, हे आधी सांगायचं! ताडपत्रीतून गाळून आलेला उजेड निळा, त्यातला लाल तिनेच खाल्ला. कार्ड दाखवून थोडं सुधारेल, पण कॅमेऱ्याला लाल ओढूनताणून वाढवावा लागेल आणि फोटोत दाणे येतील. गच्चीवर जा. सकाळी भिंतीच्या सावलीत, वर मोकळं आभाळ, बाजूला रंगवलेली भिंत नको. पांढऱ्या चुन्याची असेल तर चालेल. तिथं कार्ड, तिथंच चादर.

जुनी_मिल
गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी माझं हेच व्हायचं. नंदीध्वजामागे सगळ्यांच्या अंगात पांढरी बाराबंदी. दिवसा सावलीत निळी, रात्री हॅलोजनखाली पिवळी. आता केल्विन हातानेच लावतो, उन्हात ५५००, सावलीत ७०००, हॅलोजनला ३२००. रात्री थोडी पिवळी राहिली तर राहू देतो, जत्रा आहे ती.

पेठेतला
गच्ची आहे, चुन्याचीच आहे. उद्या सकाळी बघतो. पण एवढं करूनही गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर रंग वेगळा दिसला तर?

रंगारी
दिसणारच. कुणाचा स्क्रीन ‘व्हिव्हिड’वर, कुणी रात्रीचा पिवळा मोड लावलेला. फोटोखाली ‘गडद मरून, लाल नाही’ असं स्पष्ट लिहा. सुट्या गिऱ्हाइकाला तेवढं पुरतं. घाऊकवाल्याला मात्र चादरीचा वीतभर तुकडा कुरियरने पाठवा, परतीच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडतो.