घोडीला मत की घोडीवाल्याला?

शहादेकर:
दत्तजयंतीच्या घोडेबाजारात सारंगखेड्याला आपल्या मारवाडी जातीचे घोडे पाळणाऱ्यांच्या अश्वपालक संघटनेची सर्वसाधारण सभा आहे. कार्यकारिणीच्या अकरा जागा भरायच्या आहेत. माझं म्हणणं सरळ आहे. निवडणूक बिनविरोध करा, आपसात भांडणं नकोत. मतदान घ्यायचंच असेल तर ज्याच्या पागेत निदान पाच नोंदणीकृत घोड्या आहेत त्यालाच मताचा हक्क द्या. वरातीला एक घोडी भाड्याने देणाऱ्याला घोड्याच्या जातीचं काय पडलंय?

तापीकाठ:
शहादेकर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून डोकं फिरलं, म्हणून लांब लिहितोय.

कार्यकारिणी काय काम करते ते आधी आठवा. शिंगराची नोंद करण्याआधी त्याच्या तपासणीला कोण जाणार हे ती ठरवते. नोंदवही तिच्या ताब्यात. बाजारातल्या स्पर्धेचे पंच तीच नेमते. एकदा तपासणीला उभे राहून बघा. दोघं शिंगराला धरतात. कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात का ते पाहतात. मानेत चिप टोचतात, आयाळीचे केस मुळासकट उपटून डीएनएसाठी पाकिटात घालतात. मग कागदावरच्या घोड्याच्या आकृतीवर कपाळाचा टिळा, पायाचा पांढरा, केसांच्या भोवऱ्या, सगळं उतरवून घेतात आणि खाली सही होते. ज्याची सही, त्याच्याच वळू घोड्याची ती पैदास असली तर? आणि शेजारच्या गावातल्याचं शिंगरू 'पुढच्या फेरीत बघू' म्हणून राहिलं तर? घोडी अकरा महिने गाभण राहते. ज्याच्याकडे पाच घोड्या, त्याचं एक शिंगरू अडलं तरी बाकीची आहेत. एकच घोडी असलेल्याचं अख्खं साल अडतं. ज्याचं सगळं त्या सहीवर लटकलंय त्यालाच मत नाही?

सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्यात कलम २७ काय सांगतं? शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. आपली संघटना सहकारी नाही, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आहे, हे मला माहीत आहे. आपल्याकडे संघटनेची स्वतःची घटना चालते. पण घटनेत 'सभासद' असं लिहिलंय, घोड्यांची संख्या कुठेच नाही. बदलायचं तर रीतसर घटनादुरुस्ती आणा. ती न करता निवडलेल्या कार्यकारिणीचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात गेला आणि एकानेही हरकत घेतली, तर तारखा चालू होतील आणि नोंदणी बसेल धूळ खात.

आणि बिनविरोधचं तर बोलूच नका. विकास सोसायटी म्हणा, दूध संघ म्हणा, बाजार समिती म्हणा, नावं आधी कोणाच्या ओट्यावर ठरतात हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

दोंडाईचेकर जिभाऊ:
तापीकाठ, कायदा पाठ आहे, छान. आता दावणीचं बोला. दुष्काळात मी हरभरा आणि लसूणघास कसा पुरवला ते मला माहीत. घोड्या विकल्या नाहीत, शेताचा तुकडा विकला. ज्याच्याकडे आख्ता केलेला एक घोडा आहे, ज्याच्यापासून पैदास होणारच नाही, तो माझ्या घोडीच्या वंशाचा निकाल लावणार? आमन्या घोड्या, आमना चारा, आमना खर्च, नि निकाल दुसरास्ना?

आणि एक सभासद एक मत म्हणता, तर मागच्या निवडणुकीत काय झालं तेही सांगा. सभेच्या तोंडावर एका व्यापाऱ्याने पावतीपुस्तकंच्या पुस्तकं फाडली. वर्गणी त्याने भरली, नावं गाडीच्या ड्रायव्हरची आणि घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दारांची. त्यातल्या निम्म्यांना घोड्याचे दात बघून वय सांगता येत नव्हतं. तीच माणसं हात वर करून मोकळी झाली. त्या व्यापाऱ्याला फक्त उंची विकायची आहे. बाजारात गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न 'किती इंच?' त्यापायी मारवाडीत शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचं रक्त घुसवतात. कान जातात, बिनधक्क्याची रेवाल चाल जाते, उरतात नुसते लांब पाय. असली माणसं कार्यकारिणीत बसली तर दहा वर्षांत नोंदवहीत मारवाडी नावालाच राहील.

अमळनेरचा वरातवाला:
वरातीला एक घोडी देणारा तो मीच. सीझनमध्ये घोडी वरातीला जाते, बाकीचं साल माझ्या अंगणात असते. बँड, फटाके, डीजे, डोक्यावर नाचणारी पोरं, एवढ्यात जी घोडी बिथरत नाही तिचा स्वभाव काय असतो हे पाच घोड्या ठाणावर बांधून ठेवणाऱ्याला कळायचं नाही. तिची आई, तिची आजी कोणत्या गावात कोणाकडे होती, हे मी तोंडपाठ सांगतो.

तिला शिंगरू झालं. मादी, पंचकल्याण म्हणजे चारही पाय नि कपाळ पांढरं, कान असे की टोकं एकावर एक चढतात. तपासणीला आलेल्या सदस्याने डोळ्याखाली बोट ठेवलं आणि म्हणाला, 'आसूढाळ आहे, डोळ्याखालची भोवरी अशुभ, नोंद कशाला करतो?' कागद भरलाच नाही. नंतर त्याच्याच ओळखीच्या माणसाने येऊन मातीच्या मोलाने शिंगरू मागितलं. मी दिलं नाही. म्हणून मला मत पाहिजे, जिभाऊ.

धुळ्याची पशुवैद्य:
दादा, ही तक्रार मी पहिल्यांदा ऐकत नाही. आपल्या तपासणी अर्जात भोवरीचा रकाना आहे तो ओळखीसाठी. केसांचा भोवरा जन्मापासून मरेपर्यंत जागा सोडत नाही, म्हणून त्याची नोंद घेतात. डोळ्याखाली आहे, मानेवर आहे, म्हणून शिंगरू नापास करण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही.

चोपडेकर नाना:
डॉक्टरीणबाई, तुमचं पुस्तक तुमच्यापाशी. गळ्याला देवमण ही शुभ भोवरी असलेल्या घोड्याला बाजारात गर्दी होते आणि सापण ही अशुभ भोवरी असलेल्याकडे कोणी फिरकत नाही. ही अक्कल पिढ्यान्पिढ्यांची आहे. माझ्या वडिलांनी स्वस्त मिळते म्हणून आसूढाळ घोडी आणली होती. त्याच पावसाळ्यात गोठ्यातले दोन बैल गेले, आठवडाभरात. घोडी विकली तेव्हा घर सावरलं. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

धुळ्याची पशुवैद्य:
नाना, पावसाळ्यात आठवडाभरात दोन बैल. घशाला सूज होती का? श्वास घरघरत होता का? तो गुरांचा घटसर्प असणार. मेच्या शेवटी लस टोचून घेतली असती तर बैल वाचले असते. घोडीने काय केलं बिचारीने?

चोपडेकर नाना:
माझ्या बापाला लस कळत नव्हती असं म्हणता? त्यांनी जेवढी जनावरं हाताळली तेवढी तुम्ही कॉलेजात बघितली नसतील. मोठ्या माणसाबद्दल बोलताना तोंड सांभाळा.

धुळ्याची पशुवैद्य:
तुमच्या वडिलांबद्दल मी एक शब्द वाईट बोललेली नाही. भोवरीमुळे एका गरिबाचं चांगल्या रक्ताचं शिंगरू वहीबाहेर राहिलं, त्याबद्दल बोलतेय. ते शिंगरू उद्या बिननोंदीचं विकलं जाईल आणि तो वंश तिथेच तुटेल. जातीचं नुकसान याला म्हणतात. आणि भोवरीवर एवढा काथ्याकूट करणारे घोड्यांच्या ग्लँडर्स रोगाच्या रक्ततपासणीबद्दल का बोलत नाहीत? हा रोग माणसाला होतो. बाधित जनावराला दयामरण द्यावं लागतं. बाजारात शेकडो घोडे एका हौदावर पाणी पितात. जो उमेदवार म्हणेल की तपासणीच्या दाखल्याशिवाय घोडा बाजारात उतरणार नाही, त्याच्या प्रचाराला मी स्वतः फिरेन.

दोंडाईचेकर जिभाऊ:
ताई, भोवरी मलाही पटत नाही, पण भाव पडतो तो पडतोच. देवमणाची घोडी आणि बिनदेवमणाची, एकाच आईबापाची असली तरी किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. संघटनेने डोळे मिटले म्हणून गिऱ्हाईक मिटणार नाही.

तापीकाठ:
भाव गिऱ्हाईकाने ठरवावा, जिभाऊ. नोंद संघटनेने करावी. दोन्ही एकाच माणसाच्या हातात गेलं की वरातवाल्या दादाचं जे झालं तेच होतं.

शहादेकर:
अरे, मी निवडणुकीचं लिहिलं होतं, तुम्ही भोवऱ्यांत अडकलात. कसाले भांडतस रे भो? पाच घोड्यांची अट कशासाठी, याचं उत्तर जिभाऊंनी दिलंच आहे. पावत्या फाडून संघटना विकत घेतली जाऊ नये, एवढंच. दुसरा उपाय असेल तर सांगा.

तापीकाठ:
उपाय आहे. सभासद होऊन दोन वर्षं झाली नसतील तर मत नाही. मतदार यादी सभेच्या महिनाभर आधी लावा, हरकती घ्या. हात वर करायचे नाहीत, मतपेटी ठेवा, म्हणजे मालकासमोर मोतद्दाराला घाबरायला नको. आणि ज्याचा वळू पैदाशीला लागतो त्याने त्या वळूच्या शिंगरांची तपासणी करायची नाही, हे घटनेतच लिहा.

दोंडाईचेकर जिभाऊ:
दोन वर्षांची अट चालेल. मतपेटीही चालेल, खर्च कोण करणार ते आधी सांगा. एक सभासद एक मत मला अजून पटलेलं नाही, पण व्यापाऱ्याच्या पावत्या थांबणार असतील तर या खेपेला विरोध करणार नाही. आख्त्यावाल्याला मात्र तपासणी समितीत घेऊ नका. तिथे ज्याच्याकडे पैदास झाली आहे असाच माणूस हवा.

तापीकाठ:
समितीपुरतं मान्य. मताला ती अट नको.

शहादेकर:
ठीक आहे, पाचची अट सोडतो. बिनविरोधचा प्रयत्न मात्र मी शेवटपर्यंत करणार. यात्रेच्या तोंडावर गटबाजी झाली की बाहेरच्या राज्यांतून आलेले घोडेवाले आपल्याकडे बघून हसतात.

अमळनेरचा वरातवाला:
मग ऐका. माझं सभासदत्व जुनं आहे. मी अर्ज भरतोय. त्यामुळे बिनविरोध होत नाही.

चोपडेकर नाना:
भर बाबा, तुझा हक्क आहे. पण डॉक्टरीणबाईंनी भोवरीचा ठराव आणला तर मी सभेत उभा राहून विरोध करणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

धुळ्याची पशुवैद्य:
आणणारच आहे, नाना. ठराव लेखी देते: 'केवळ भोवरीच्या कारणाने कोणत्याही शिंगराची नोंद नाकारू नये.' सूचक मी आहे. अनुमोदक कोण होतंय?

तापीकाठ:
मी. आणि नाना, विरोध मतपेटीत टाका.