उजनी ऊसवाल्यांनी हिरवी केली? जरा थांबा

भीमाकाठ: कालच्या पोस्टचा सूर असा, की उजनी धरणात शेवाळ माजतं ते उसाच्या युरियाने, युरिया कमी करा, जलपर्णी काढा, झालं! युरियात नत्र (नायट्रोजन), पण शेवाळाला लागणारा स्फुरद (फॉस्फरस) असतो का हो? नत्र तोडला तरी निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती तो हवेतून घेतात. स्फुरदाला ती सोय नाही. तो मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत उतरतो, मैलाशुद्धी केंद्रातून ‘शुद्ध’ होऊनसुद्धा. 2017च्या सांडपाणी अधिसूचनेत बीओडीची (सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनची) मर्यादा आहे, स्फुरदाची मर्यादाच नाही.

पाटपाणी: डीएपी, म्हणजे स्फुरदवालं खत, सोयीस्कर विसरलात. पाटाने सरी तुडुंब भरली की माती वाहते, तिला चिकटून स्फुरदही.

भीमाकाठ: मान्य. पण तो मुख्यतः पावसाळ्यात, गढूळ पाण्याबरोबर. सांडपाण्यातला विरघळलेला असतो आणि बारमाही. तो गाळात बसवायला मैलाशुद्धी केंद्रात फेरिक क्लोराइड (लोहाचा क्षार) टाका: 1 मिग्रॅ स्फुरदामागे साधारण 3 मिग्रॅ लोह. गाळ वाढेल, सामू (पीएच) घसरेल, तेवढं सांभाळायचं.

जलपर्णी_हटाव: म्हणजे पर्णी तशीच ठेवायची?

भीमाकाठ: काढा की! पण हिशेब करा. ओल्या टनात 950 किलो पाणीच. उरलेल्या 50 किलोत स्फुरद जेमतेम पाव किलो. तीही काठावर कुजवली की पावसाने परत धरणात.

पाटपाणी: एवढं बिघडलंय तर दुपारी तीनला पाण्यातला ऑक्सिजन लिटरला साडेसात मिग्रॅच्या वर कसा?

गाळमापी: तीनला! 30 अंशांना पाण्यात विरघळतोच साडेसात. त्यावरचा ऑक्सिजन शेवाळाने सोडलेला. पहाटे पाचला मोजा, तेही तळाशी. तिथे तो संपला की लोहाने धरून ठेवलेला फॉस्फेट (स्फुरदाचं विरघळणारं रूप) गाळातून सुटतो. आवक आज थांबवली तरी हे देणं वर्षानुवर्षं फिटत नाही.

पाटपाणी: शाळा नका घेऊ.

गाळमापी: घ्यावी लागते. दुपारी सामूही चढलेला असतो. 30 अंशांना सामू 7 असेल तर अमोनियातला विषारी भाग एक टक्क्याच्या आत, 9 झाला की 45 टक्के. मासे मेले की मग ‘कुणीतरी विष टाकलं’. आणि फॉस्फेट मोजायचा नमुना 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून काठावरच गाळा, बर्फात ठेवा. नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतलं शेवाळच फॉस्फेट फस्त करतं, आणि तुम्ही अहवाल नाचवता.

पाटपाणी: बरं महाराज, पहाटे पाचला. बाटली आम्लाने धुऊन तुम्हीच द्या.

गाळमापी: देतो. घरी नेऊन परत कपड्यांच्या पावडरीने घासू नका म्हणजे झालं, तिच्यातही स्फुरद असू शकतो.